लादीतले गोल भोक

मागच्या वर्षी नवी मुंबईतील आमच्या घराची न्हाणी दुरुस्त करायला काढली. नळ आणि पाइप चांगल्या स्थितीत होते. ते न हलवता भिंतीवरच्या जुन्या लाद्या तेवढ्या बदलायच्या होत्या. मिस्त्रीच्या हाताखालच्या मुलाने नळाचे माप घेऊन लादीच्या कडेला चौकोनी खाच कापली. माप अचूक होते. पण लादी भिंतीवर ठोकून बसवताना खाचेच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली आणि पार दुसऱ्या कडेपर्यंत गेली. दुसऱ्या लादीचेही तेच झाले. तेव्हा म्हातारा मिस्त्री म्हणाला, "अरे, कोना ठेवू नको. कोन्यातूनच फुटते ती." त्याने नव्या लादीवर खाचेचे दोन कोपरे जिथे येणार तिथे आधी दोन गोल भोके पाडली आणि कटर त्या भोकांपर्यंतच चालवला. ही लादी शाबूत राहिली.

खाच तेवढीच, लादी तीच. मग फरक कशाने पडला? या प्रश्नाला दोन इतिहास आहेत. एक लादीचा आणि दुसरा भेगेचा.

पूर्वीच्या घरात हा प्रश्न उद्भवतच नसे. मोरीत पाणी येई ते आडावरून, घागरीने. खाली दगडी फरशी आणि भिंतीला चुन्याचा गिलावा असे. मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० साली नळाने मिळू लागले. पुढे हळूहळू नळ घरात शिरला, तरी अडचण आली नाही. गिलावा ओला असतानाच लावायचा असतो, त्यामुळे पाइप कसाही वाकडा असला तरी तो त्याला कवेत घेतो. आपल्या या न्हाणीची एक खूण भारतभरच्या प्लंबरांच्या भाषेतही राहिली आहे. जमिनीवरचे पाणी वाहून नेणाऱ्या आणि गटाराची दुर्गंधी अडवणाऱ्या भांड्याला ते ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात.

लादीचे तसे नाही. ती कारखान्यातून पक्की होऊनच येते. १८४० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड प्रॉसर यांनी मातीची जवळजवळ कोरडी भुकटी धातूच्या साच्यात दाबून बटणे बनवण्याचे पेटंट घेतले. हर्बर्ट मिंटन यांनी हीच पद्धत लाद्यांसाठी वापरली आणि एका मापाच्या लाद्या मोठ्या संख्येने निघू लागल्या. मिंटनच्या लाद्या मुंबईतही आल्या; भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या आजही पाहता येतात. पुढे स्वदेशीच्या प्रेरणेने फिरोजशा आणि रुस्तम सिधवा या काका-पुतण्यांनी १९२२ साली ‘भारत’ लाद्यांचा उद्योग सुरू केला. त्यांचा कारखाना उरणला होता. आज उरण तालुक्यातील गावेही नवी मुंबईच्या नियोजित क्षेत्रात येतात. या लाद्या भट्टीत भाजलेल्या नसून सिमेंटच्या, दाबून घट्ट केलेल्या होत्या. १९५८ मध्ये एच. अँड आर. जॉन्सन कंपनी भारतात स्थापन झाली आणि ठाण्याच्या कारखान्यातून भिंतीच्या चकचकीत लाद्या निघू लागल्या. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन खाडीपलीकडे नवे शहर वसू लागले, तेव्हा लादी मध्यमवर्गीय न्हाणीत रुळू लागली होती.

लादी एकसारखी, पण प्रत्येक घरातला पाइप वेगळ्या जागी. या दोहोंचा मेळ घालणे मिस्त्रीच्या हातावर आले. त्यासाठी त्याने युक्त्या शोधल्या. शक्य असेल तर दोन लाद्यांचा सांधा बरोबर पाइपवर आणायचा. नाहीतर लादी पाइपच्या मध्यरेषेवर दुभागायची, दोन्ही तुकड्यांत अर्धगोल कोरायचा आणि मग जोडायचे. उरलेली फट नळाच्या मुळाशी बसणारी धातूची चकती झाकते. या सर्व युक्त्यांत कोन टाळलेला आहे, हे लक्षात घ्यावे.

आता भेगेचा इतिहास. भाजलेली लादी दाबाला दणकट असते, पण ताणाला कच्ची. पत्र्याला ताण दिला आणि त्यात गोल भोक असले, तर भोकाच्या कडेशी ताण तिप्पट होतो, हे १८९८ साली जर्मनीत किर्श यांनी गणिताने दाखवले. केंब्रिजचे चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये हाच विचार लंबवर्तुळाकार भोकाला लावला. भोक ताणाच्या दिशेला आडवे आणि रुंदीच्या दहापट लांब असेल, तर त्याच्या टोकाशी ताण एकवीसपट होतो. म्हणजे भोक किती मोठे यापेक्षा त्याचे टोक किती अणकुचीदार, हे महत्त्वाचे. चौकोनी खाचेचा कोपरा म्हणजे असेच टोक. ठिसूळ पदार्थात अशी चीर पुढे केव्हा सरकते, याचा हिशेब ग्रिफिथ यांनी काचेवरील प्रयोगांच्या आधारे १९२१ मध्ये मांडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईने बांधलेल्या काही ‘लिबर्टी’ जहाजांना तडे गेले. त्यांतले काही डेकवरच्या चौकोनी द्वारांच्या कोपऱ्यांतूनच सुरू झाले होते.

न्हाणीत जहाज फुटत नाही हे खरे. पण कोपऱ्यातली बारीक चीर गरम-गार पाण्याने हळूहळू वाढते. पाणी लादीमागे झिरपते आणि काही महिन्यांनी खालच्या शेजाऱ्याच्या छताला ओल येते. मग सोसायटीच्या सभेत भांडण होते, आणि मूळ कारण लादीमागे दडलेलेच राहते.

हे वर्गात सहज दाखवता येईल. जाड कागदाच्या सारख्या रुंदीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एकीच्या कडेला कात्रीने दीड सेंटिमीटर खोल चीर द्यावी. दुसरीत पंचने गोल भोक पाडून कडेपासून भोकापर्यंत चीर द्यावी. भोकाची पलीकडची कड मात्र कडेपासून दीड सेंटिमीटरवरच यावी, म्हणजे दोन्हींत उरलेला कागद सारखाच राहील. आता पट्ट्यांची टोके धरून ओढावीत. कोणती आधी फाटते, याचा अंदाज विद्यार्थ्यांनी प्रयोगापूर्वी वहीत लिहावा. दहा-दहा पट्ट्या घेतल्या तर निकालावर विश्वास ठेवता येईल.

आता हिऱ्याची भुकटी लावलेली, नळीच्या आकाराची पाती मिळतात. पाणी सोडत ती फिरवली की कठीण लादीलाही स्वच्छ गोल भोक पडते. पण हत्यार बदलले तरी नियम बदललेला नाही. आमच्या मिस्त्रीने इंग्लिसचे नाव ऐकलेले नसणार. फुटलेल्या लाद्या नीट पाहून तो त्याच निष्कर्षाला आला होता. आम्हाला मात्र ते समीकरण तोंडपाठ होते, तरी दोन लाद्या फुटेपर्यंत ते आठवले नाही.