हिंगण्याची झोपडी आणि स्त्रियांचे वास्तुविद्यालय

इमारतीच्या कामावर स्त्री कधी नव्हती, असे म्हणता येणार नाही. डोक्यावर घमेले घेऊन परांचीच्या फळ्या चढणारी मजूर बाई आपण सर्वांनीच पाहिली आहे. भिंती लिंपणे, जमीन चोपून सारवणे ही कामे तर आपल्या खेड्यांतून पिढ्यानुपिढ्या स्त्रियांचीच होती. तथापि भिंत कोठे उभी राहावी, चूल कोणत्या अंगाला असावी, खिडकी केवढी ठेवावी, हे ठरविण्याचा अधिकार ओळंबा आणि गुण्या ज्याच्या हाती त्याचा. आणि तो हात पुरुषाचा. जिचा सारा दिवस स्वयंपाकघरात जाई, तिला तेथला धूर कोठून बाहेर जावा हे कोणी विचारले नाही.

ही स्थिती पालटण्याच्या कामी केवळ स्त्रियांसाठी चालविलेल्या वास्तुविद्यालयांचा वाटा काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. पुण्यास कर्वेनगर येथे असे एक महाविद्यालय १९९४ पासून चालू आहे. मुली आता सर्वत्र मुलांबरोबर शिकत असता हे निराळे घर कशाला, असा प्रश्न आपल्या ज्ञातीतील सुशिक्षित आईबापांकडूनही ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे, आणि तो नवा नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांना तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विचारला गेला होता. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे सहा एकर जमीन दिली आणि १९०० साली तेथे आश्रमाची पहिली झोपडी उभी राहिली. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून अण्णा पायीच हिंगण्याची वाट धरीत. विधवा मुलींना गावात घर भाड्याने मिळणेही कठीण, अशा काळात गावाबाहेरच्या माळावरील त्या झोपडीने त्यांना छप्पर दिले. स्त्रियांच्या स्वतंत्र शिक्षणाची गोष्ट आपल्याकडे अशी अक्षरशः एका बांधकामापासूनच सुरू होते.

जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यानंतर काही वर्षांनी अण्णांच्या हाती आली. प्रथम ती बाजूस पडून राहिली. १९१५ च्या अखेरीस मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी ती पुन्हा उघडली, आणि १९१६ साली हिंदुस्थानातील पहिले महिला विद्यापीठ स्थापन झाले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली. तेव्हापासून त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव त्यास लाभले. सुधारक मंडळींतही या विद्यापीठाबद्दल एकमत नव्हते. मातृभाषेतून शिक्षण व गृहजीवनास उपयुक्त विषय यांवर भर दिल्याने स्त्रियांना दुय्यम प्रतीचे शिक्षण मिळेल, असा आक्षेप होता, आणि तो अगदीच निराधार होता असे मला वाटत नाही. अण्णांचे म्हणणे एवढेच की, ज्यांना प्रचलित विद्यापीठांत जाता येते त्यांनी खुशाल जावे. ज्या एरवी शिकणारच नाहीत त्यांच्यासाठी ही वाट आहे.

नेमक्या त्याच वेळी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज गावी दुसरी एक वाट निघत होती. हार्वर्डच्या वास्तुविद्यालयाचे दार स्त्रियांस बंद होते. १९१५ साली कॅथरीन ब्रूक्स नावाच्या पदवीधर तरुणीस उद्यानरचना शिकावयाची होती. तिला वर्गात घेता येईना, म्हणून हेन्री फ्रॉस्ट या तरुण अध्यापकाने तिला आपल्या कार्यालयात शिकविण्याचे पत्करले. भागीदार ब्रेमर पाँड हेही शिकवू लागले. एकीच्या पाठोपाठ इतर आल्या आणि त्या कार्यालयाचेच केंब्रिज विद्यालय झाले. घरे व उद्याने हाच स्त्रियांचा नैसर्गिक प्रांत, अशी चालकांची समजूत होती; काही काळ विद्यालयाच्या नावातच ‘गृह-वास्तुरचना’ हा शब्द होता. म्हणजे नगरभवने नि कचेऱ्या पुरुषांनी बांधाव्या, स्त्रियांनी घरापुरते पाहावे. परंतु शिकणाऱ्या ही मर्यादा मनावर घेतातच असे नाही. १९१९ साली तेथून बाहेर पडलेल्या एलिनॉर रेमंड यांनी १९४८ साली डोव्हर येथे एक घर उभारले. ते थंडीत केवळ सूर्याच्या उष्णतेवर उबदार राहावे, अशी त्याची योजना होती. उष्णता साठविण्याची युक्ती मारिया टेल्केस या विदुषीची, खर्च अमेलिया पीबॉडी या शिल्पकर्त्रीचा. काही हिवाळ्यांनंतर ती योजना बिघडली हे खरे. पण आज ज्या सौरऊर्जेचा एवढा गवगवा आहे, तिचे घर तीन स्त्रियांनी त्या वेळी बांधून पाहिले होते.

केंब्रिज विद्यालयास स्वतःची पदवी देता येत नसे. त्यासाठी ते १९३८ साली स्मिथ महाविद्यालयाचा भाग बनले. पैशाची ओढाताण संपली नाही. १९४२ साली महायुद्धामुळे वर्ग ओस पडू लागताच हार्वर्डने स्त्रियांना दार उघडले, आणि त्याच वर्षी हे विद्यालय बंद झाले. सत्तावीस वर्षे स्त्रियांची योग्यता जे दार उघडू शकली नाही, ते पुरुष रणांगणावर गेल्यामुळे उघडले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्याकडे मुंबईत मात्र दार बंद नव्हते. सर ज. जी. कलाशाळेतून पेरीन मिस्त्री १९३६ साली वास्तुविद्येची पदविका घेऊन बाहेर पडल्या. भारतातील पहिल्या स्त्री वास्तुविशारद म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. सिंहलद्वीपाच्या मिनेट डी सिल्वा यांनीही शिक्षणाचा आरंभ मुंबईतच केला व १९४८ साली त्या ब्रिटिश वास्तुविशारद संस्थेच्या सदस्या झाल्या. ऑस्ट्रेलियात शिकून आलेल्या उर्मिला युली चौधरी यांनी १९५१ पासून चंडीगडच्या उभारणीत ल कॉर्ब्युझिए यांच्याबरोबर काम केले. यांपैकी एकीलाही स्त्रियांच्या विद्यालयात जावे लागले नाही. मग १९९४ साली त्याची गरज का पडावी?

याचे उत्तर या बायांच्या घरांत सापडते. पेरीनबाईंचे वडील स्वतः वास्तुविशारद. मुलीला त्यांच्या पेढीतच जागा मिळाली. इतरांना परदेशी पाठविणारी घरे लाभली. लातूर, सातारा किंवा जळगावच्या मध्यम स्थितीतील कुटुंबाची अडचण निराळी असते. वास्तुविद्येचा अभ्यास ज्यांनी घरात पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की, नकाशे आणि प्रतिकृती सादर करावयाच्या आठवड्यात रात्री रात्री जागावे लागते. कामाच्या जागी उन्हातान्हात उभे राहावे लागते. अभ्याससहलींना परगावी जावे लागते. महाविद्यालयाचे दार उघडे असूनही घराचे दार बंद, अशी ही स्थिती. आवारात वसतिगृह असलेली, शतकभर मुलींना सांभाळीत आलेली संस्था पुढे आली, तेव्हा ते दुसरे दारही पुष्कळ घरांतून किलकिले झाले.

हिंगण्याच्या या संस्थेने १९९१ साली प्रथम मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, आणि तीन वर्षांनी डॉ. भानुबेन नानावटी यांच्या नावाचे वास्तुविद्या महाविद्यालय. आरंभीच्या महिला विद्यापीठाहून यात एक महत्त्वाचा भेद आहे, आणि माझ्या मते सारे मर्म त्यातच आहे. येथे अभ्यासक्रम निराळा नाही, परीक्षाही निराळी नाही. पुणे विद्यापीठाची पदवी मुलांना जी, तीच मुलींना. आणि १९७२ च्या कायद्यान्वये वास्तुविशारद म्हणून जी नोंदणी व्हावयाची तीही तीच. निराळे आहे ते केवळ घर. दुय्यम प्रतीचा जुना आक्षेप येथे लागू पडत नाही. काम देणारा बिल्डर, गवंडी आणि कंत्राटदार मात्र पुढे पुरुषच भेटणार. त्यांच्याशी वागण्याचा सराव मुलींच्या वर्गात होत नाही, हा आक्षेप उरतोच. तो कार्यालयीन उमेदवारीत भरून निघतो असे म्हणतात. मला ते अर्धेच पटते.

अण्णांच्या हाती आलेल्या त्या जपानी पुस्तिकेची गोष्ट येथे पुरी केली पाहिजे. त्या विद्यापीठातही गृहविज्ञानाच्या शाखेतच निवासविद्येचा विभाग निघाला. घर नीट ठेवावयास शिकविणे हा जिचा आरंभ, त्या शाखेतून घर बांधणाऱ्या स्त्रिया निघाल्या. काझुयो सेजिमा या तेथल्याच. १९८१ साली त्यांनी तेथे उच्च पदवी घेतली आणि २०१० साली आपल्या सहकाऱ्यासह प्रित्झकर पारितोषिक मिळविले. वास्तुकलेत याहून मोठा मान नाही.

अनेक वास्तुविद्यालयांत आज मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीने किंवा अधिकच दिसते. परंतु स्वतःच्या नावाची पाटी लावून व्यवसाय करणाऱ्या स्त्रिया त्या मानाने थोड्या. लग्न, बदलीचे गाव, मूल यांत पदवी पेटीत जाते. मुलाला दुकानाचा गाळा घेऊन देणारे वडील मुलीच्या कार्यालयासाठी भाड्याची खोली पाहताना क्वचितच आढळतात; तेवढा पैसा दागिन्यांत गेलेला असतो.

हे सारे ज्ञातीच्या हाती नाही. पण एक गोष्ट निश्चित आहे. ज्ञातिसंस्थांच्या शिष्यवृत्त्या बहुधा तीन वर्षांच्या पदवीचा हिशेब धरून दिल्या जातात. वास्तुविद्येचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे, आणि कागद, रंग, प्रतिकृतींचे सामान यांचा खर्च शेवटच्या दोन वर्षांतच वाढतो. आपल्या शिक्षण निधीतून या शाखेच्या विद्यार्थिनींस पूर्ण पाच वर्षे साहाय्य मिळावे, ही सूचना येत्या वार्षिक सभेपुढे ठेवण्याची विनंती मी कार्यकारी मंडळास करीत आहे.