'फ्राय' या आडनावाची कुळकथा

चंदीगड नगरीचे नाव निघाले की त्यामागोमाग ल कॉर्बूझिये यांचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. परंतु १९५१ साली शिवालिकच्या पायथ्याशी असलेल्या त्या भूमीशी आणखी तीन परदेशी स्थपतींची नावे जोडली गेली. कॉर्बूझिये यांचे चुलतबंधू प्येर जानरे हे एक. दुसरे इंग्लंडातील मॅक्सवेल फ्राय आणि तिसऱ्या त्यांच्या पत्नी जेन ड्रू. यांतील 'फ्राय' हे आडनाव मी आजच्या भाषणासाठी निवडले आहे. नगररचनेसंबंधी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मला कुतूहल आहे ते त्या दोन अक्षरांचे.

'फ्राय' म्हटले की आपल्याला प्रथम कढई आठवते. मुंबईच्या खाणावळीत बांगडा फ्राय मागविणाऱ्या गृहस्थाला, याच नावाचे एक प्राचीन कुळ असू शकेल हे सांगितले तर तो हसेल. परंतु तळण्याचा 'फ्राय' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला पाहुणा होय, आणि आडनावातला 'फ्राय' घरचा, जुन्या इंग्रजीतला आहे. दोघांचे उच्चार एकत्र आले एवढेच. रक्ताचे नाते मुळीच नाही.

इंग्रजी आडनावांचा विख्यात अभ्यासक पी. एच. रीनी याने आपला कोश १९५८ साली प्रसिद्ध केला. त्याच्या मते या आडनावाचे मूळ जुन्या इंग्रजीतील 'फ्रीग' या शब्दात आहे. हा 'फ्रेओ', म्हणजे मुक्त, या शब्दाचाच एक पर्याय. तेव्हा फ्राय म्हणजे मोकळा मनुष्य, जो कोणाच्या मालकीचा नाही असा. दुसरीही एक व्युत्पत्ती सांगतात. उत्तरेकडील नॉर्स भाषेत बीज किंवा पिलावळ या अर्थाचा एक शब्द आहे, त्यावरून इंग्रजीत माशांच्या चिमुकल्या पिलांना फ्राय म्हणतात. एखाद्या ठेंगण्या माणसाला चेष्टेने हे नाव पडले असेल आणि पुढे ते वंशाला चिकटले असेल. काही घराण्यांच्या बाबतीत हे खरे असू शकेल. पण मुख्य ओघ पहिलाच, असे मला वाटते.

आता श्रोते विचारतील की मुक्त या अर्थाचा इंग्रजी शब्द तर 'फ्री' आहे, मग 'फ्राय' कसे झाले? याचे उत्तर मौजेचे आहे. मध्ययुगाच्या अखेरीपासून पुढे सुमारे तीन शतके इंग्रजीतील दीर्घ स्वरांची जागा हळूहळू बदलत गेली. पूर्वीच्या दीर्घ 'ए'चा 'ई' झाला आणि पूर्वीच्या 'ई'चा 'आय' झाला. जो शब्द 'फ्रे' असा उच्चारला जाई तो 'फ्री' होऊन बसला, आणि दक्षिणेकडील बोलींत जो आधीपासूनच 'फ्री' असा उच्चारला जात होता, तो एक पायरी पुढे सरकून 'फ्राय' झाला. दोघे सख्खे भाऊ एकाच जिन्यावर उभे होते. जिना हलला तेव्हा प्रत्येक जण एकेक पायरी वर गेला आणि दोघांतील अंतर मात्र तसेच राहिले. फ्री, फ्रीमन, फ्राय ही तिन्ही आडनावे आजही इंग्लंडात नांदत आहेत.

शब्दाचा अर्थ समजला म्हणजे आडनावाचा अर्थ समजला असे नाही. एखाद्याला त्याचे शेजारी 'मोकळा' म्हणून केव्हा ओळखतील? भोवतालचे बहुसंख्य लोक मोकळे नसतील तेव्हा. ज्या गावात सगळेच डोळस आहेत तेथे कोणी 'डोळस' या नावाने ओळखला जात नाही. इ. स. १०८६ मध्ये नॉर्मन विजेत्याने इंग्लंडची जी प्रचंड मोजदाद करविली, तिच्यात नोंदलेल्या माणसांपैकी सुमारे दहा टक्के चक्क गुलाम होते. त्यांच्या वर जो मोठा शेतकरीवर्ग होता तो गुलाम नव्हता, पण मोकळाही नव्हता. हा भूदास धन्याच्या शेतावर आठवड्यातील ठराविक दिवस वेठ करी, धन्याच्या परवानगीवाचून गाव सोडू शकत नसे, आणि मुलीचे लग्न करावयाचे तर धन्याला पैसे मोजून अनुज्ञा मिळवावी लागे. या गर्दीत ज्याच्यावर असे बंधन नव्हते, त्याच्याकडे बोट दाखवून लोक म्हणत, तो पाहा 'फ्राय'. बाराव्या-तेराव्या शतकांत आडनावे स्थिर होऊ लागली तेव्हा ते बोट तसेच दस्तऐवजात उतरले.

हे आडनाव कोठे अधिक आढळते ते पाहिले की या तर्काला बळ येते. त्याचे माहेर इंग्लंडचा नैर्ऋत्य भाग: विल्टशायर, सॉमरसेट, डॉर्सेट, डेव्हन. मोकळ्या शेतकऱ्यांची मोठी वस्ती मात्र पूर्वेस, लिंकनशायर, नॉरफोक, सफोक या परगण्यांत होती. पश्चिमेकडे ते थोडे आणि गुलामांचे प्रमाण अधिक. याला बोलींतील उच्चारभेद हे कारण आहेच, आणि ते मोठे आहे. तरीही जेथे मोकळा माणूस विरळा तेथेच तो नावाने उठून दिसला असावा, हे मला अधिक पटते.

आपल्याकडे याला जोड आहे काय? आपली आडनावे बहुधा गावावरून, धंद्यावरून किंवा वतनावरून पडली. नुसत्या 'कर' या प्रत्ययावरून माणसाचे मूळ गाव सांगता येते. कुलकर्णी, देशपांडे, पाटील यांत पूर्वजाचा हुद्दा राहिला. पण फ्रायच्या अगदी जवळचे असे एकच आडनाव मला दिसते, ते म्हणजे मिरासदार. द. मा. मिरासदारांच्या कथा ऐकून आपण पोट धरधरून हसलो, तेव्हा त्या आडनावात जमीनमहसुलाचा केवढा इतिहास दडला आहे याकडे आपले लक्ष गेले नाही. पेशवाईतील दख्खनच्या खेड्यात शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते. मिरासदार, ज्याला थळकरीही म्हणत, त्याची जमीन वंशपरंपरेची. ती तो विकू शके, गहाण टाकू शके, आणि दुष्काळात गाव सोडून गेला तरी कित्येक वर्षांनी परत येऊन हक्क सांगू शके. दुसरा उपरी. तो कौलाने जमीन कसणारा, आज आहे उद्या नाही असा. १८१९ साली एल्फिन्स्टन साहेबाने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात हा भेद त्याने नोंदविला आहे. मिरासदाराला गावात मान होता, सोयरिकीत त्याचे पारडे जड होते. मिरासदार हे आडनाव झाले. 'उपरी' असे आडनाव लावणारा गृहस्थ मला अजून भेटावयाचा आहे.

तरी दोहोंत एक अंतर आहे, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. मिरासदाराचा मान यासाठी, की त्याला जमिनीवरून कोणी उठवू शकत नाही. फ्रायचा मान यासाठी, की त्याला जमिनीवर कोणी बांधून ठेवू शकत नाही. एकाची प्रतिष्ठा राहण्यात, दुसऱ्याची जाण्यात. इंग्लंडातील भूदासाला सुटकेची जी एक वाट होती तीही जाण्याचीच होती: सनद मिळालेल्या शहरात तो पळून गेला आणि तेथे एक वर्ष आणि एक दिवस बिनतक्रार राहिला, तर कायदा त्याला मोकळा मानी.

पुढे या कुळाने नाव काढले ते धर्माच्या निमित्ताने. विल्टशायरमधील सटन बेंजर या गावचे फ्राय घराणे क्वेकर पंथाचे झाले. त्या घराण्यात १७२८ साली जन्मलेल्या जोसेफ फ्रायने ब्रिस्टलला येऊन चॉकलेटचा धंदा उभा केला, आणि त्याच्या वारसांच्या कारखान्याने १८४७ मध्ये हातात धरून खाण्याजोगी चॉकलेटची वडी प्रथम बाजारात आणली. तोवर चॉकलेट हे पिण्याचेच पेय होते. या वडीमागची एक कडवट गोष्टही सांगितली पाहिजे. पोर्तुगीजांच्या साओ तोमे आणि प्रिन्सिपी या बेटांवरचा कोको गुलामांसारख्या राबविलेल्या मजुरांच्या घामावर पिकत होता, आणि तो इंग्लंडच्या कारखान्यांत येत होता. ही गोष्ट उघड झाल्यावर कॅडबरी, राउनट्री आणि फ्राय या क्वेकर कारखानदारांनी अखेर १९०९ मध्ये त्या कोकोवर बहिष्कार टाकला. 'मोकळा' असे नाव धारण करणाऱ्या पेढीला ही जाग यावयास बराच काळ लागला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

एलिझाबेथ फ्राय हिला ते नाव विवाहाने, १८०० साली मिळाले. माहेरची ती गर्नी. म्हणजे नॉर्मंडीतील एका गावावरून पडलेले, आपल्या 'कर'सारखे आडनाव. १८१३ मध्ये ती लंडनच्या न्यूगेट तुरुंगात गेली, तेथे मुलाबाळांसह कोंबलेल्या स्त्रिया तिने पाहिल्या, आणि उरलेले आयुष्य तिने बंदिवानांच्या सेवेत घालविले. आपल्या क्रिकेटप्रेमी श्रोत्यांना सी. बी. फ्राय ठाऊक असतीलच. ससेक्सच्या संघात रणजितसिंहांच्या जोडीने खेळणारे, आणि १९०१ मध्ये लागोपाठ सहा शतके काढणारे. नाटककार क्रिस्टोफर फ्राय मात्र जन्माचे हॅरिस. त्यांनी आजोळचे हे आडनाव स्वतः उचलले. अमेरिकेत गेलेल्या फ्राय मंडळींत तर आणखी एक मिश्रण झाले. जर्मन 'फ्राय' कुळांनी तेथे आपल्या नावाचे इंग्रजी लेखन स्वीकारले. आणि त्या जर्मन शब्दाचा अर्थही मुक्त हाच! तेव्हा आज तेथील एखाद्या फ्रायचा पूर्वज सॉमरसेटचा की ऱ्हाईनकाठचा, हे नुसत्या नावावरून सांगता येणार नाही.

आता चंदीगडकडे वळू. मॅक्सवेल फ्राय यांचा जन्म १८९९ सालचा, वॉलेसीचा. म्हणजे नावाच्या माहेरापासून बऱ्याच उत्तरेचा. लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. प्रथम आराखडा अमेरिकन अल्बर्ट मेयर यांनी केला. जर्मन मुलखात मेयर म्हणजे धन्याच्या जमिनीचा कारभारी. यहुदी घराण्यांत त्याच नावाला प्रकाश देणारा असा हिब्रू अर्थही आहे. मेयर यांचे सहकारी माथ्यू नोवित्स्की हे मूळचे पोलंडचे. त्यांच्या आडनावाच्या मुळाशी 'नवा' हा शब्द आहे. ते ऑगस्ट १९५० मध्ये विमान अपघातात मृत्यू पावले, आणि थापर व वर्मा हे दोघे पंजाबी अधिकारी नवे स्थपती शोधण्यासाठी युरोपात गेले. लंडनमध्ये फ्राय-ड्रू दांपत्याशी बोलणे झाले आणि त्यांच्याच सूचनेवरून कॉर्बूझिये यांच्याकडे पाऊल वळले. कॉर्बूझिये हे नाव तर मूळचे नव्हेच. जानरे हे घरचे आडनाव बाजूला ठेवून १९२० च्या सुमारास त्यांनी ते धारण केले होते.

पंडित नेहरूंची इच्छा अशी होती की हे नगर गतकाळाच्या बंधनांतून मुक्त असावे. मुक्त या नावाचा मनुष्य मुक्त देशाची मुक्त नगरी रचावयास आला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण हा योगायोग आहे, आणि फ्राय-ड्रू दांपत्याने येथील तीन वर्षांत जे काम केले ते याहून अधिक बोलके आहे. त्यांच्याकडे मुख्यतः घरे आली. सरकारी नोकरांच्या पगाराप्रमाणे घरांचे तेरा-चौदा प्रकार ठरले. वर मंत्री, तळाशी शिपाई. जेन ड्रू यांनी शिपायांच्या स्वस्त घरांतही नळाचे पाणी आणि शौचकूप यांची सोय होईल असे पाहिले, आणि ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. तथापि पूर्वी जे काम आडनाव करीत असे, ते येथे घराचा प्रकार करू लागला. पत्ता सांगताच हुद्दा कळे. याच पंजाबात, आनंदपूर येथे, १६९९ साली गुरू गोविंदसिंहांनी जातीची खूण पुसावी म्हणून सर्वांना 'सिंह' हे एकच नाव दिले होते. नव्या राजधानीत वेतनश्रेणीची खूण भिंतींतून उमटली.

आणि त्या भूमीवर आधीच राहणारे? तेथे खेडी होती, कसणारे शेतकरी होते. नगरासाठी ती खेडी उठविली गेली. पुढे नगर वाढत गेले तसतशी बुडैल, अट्टावा, बुटेरला यांसारखी काही गावे सेक्टरांच्या चौकटीत जशीच्या तशी सापडली आणि आजही तेथे आहेत. पश्चिम पंजाबातून आलेले निर्वासित येथे घरमालक झाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारे जमिनीवरून मोकळे झाले. आपल्या जुन्या दफ्तराच्या भाषेत सांगावयाचे तर, मिरासदार उपरी झाले आणि उपरी मिरासदार. १९५४ साली करार संपला आणि फ्राय इंग्लंडला परतले. त्यांना जाण्याची मुभा होती.