नागझिऱ्यांतील हंसूं

अरण्य आणि विनोद यांचें सख्य मराठी वाङ्मयांत फारसें जुळलेलें नाहीं. अरण्यांत पाऊल टाकतांच आपला लेखक आवाज खालीं आणतो. भय, विस्मय, वैराग्य यांपैकीं एखादा भाव त्याच्या मनांत दाटतो, आणि तेथें मोठ्यानें हंसणें हा जणूं अविनय ठरतो. अशा स्थितींत गोंदिया जिल्ह्यांतील ज्या अरण्यानें मराठीला दोन थोर लेखकांचीं पुस्तकें दिलीं, त्याच अरण्यानें पुढें एका विनोदी चित्रकाराच्या आयुष्याला वळण द्यावें, ही गोष्ट नोंदून ठेवण्याजोगी आहे.

गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९९९ रोजीं. तोंवर हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. नागझिऱ्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला १९७० सालीं, नवेगांवास राष्ट्रीय उद्यानाचा १९७५ सालीं, आणि २०१३ च्या अखेरीस हीं व जवळचीं वनें मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. सरकारी दप्तरांतला इतिहास एवढाच. वाङ्मयांतला याहून भरघोस आहे. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यास जाऊन राहिले व त्या मुक्कामाचें ‘नागझिरा’ हें पुस्तक त्यांनीं लिहिलें. मारुती चितमपल्ली नवेगांवबांधास वनाधिकारी होते, त्यांचे तेथील दिवस पुस्तकरूपानें मराठी वाचकाच्या घरीं आले. माडगूळकर चित्रेंहि काढीत, आणि त्यांची लेखणीसुद्धां रेखाटन करणाराचीच होती : नेमकी, मितभाषी. चितमपल्लींनीं वनाबरोबर वनांतल्या माणसांचे शब्दहि वेंचले. दोघांचीहि वृत्ति गंभीर. थट्टेचा विषय त्यांनीं माणसाला कधीं केला असेल, वानराला वा बेडकाला क्वचितच.

रोहन चक्रवर्ती यांचा जन्म नागपूरचा, १९८७ सालचा. घर बंगाली, वाढ विदर्भांतली, शिक्षण दंतवैद्यकाचें. नागझिऱ्याच्या एका ओढ्यांत स्नान करीत असलेली वाघीण त्यांनीं तरुण वयांत पाहिली, आणि वन्य प्राण्यांविषयींच्या आपल्या ओढीचें मूळ ते त्या दर्शनांत सांगत आले आहेत. अशा प्रसंगाला दंतकथेचा वास येतो खरा. परंतु स्नानांत रमलेली वाघीण हें दृश्य मुळांतच निम्में भव्य व निम्में गमतीचें आहे. शिकारकथेंतील वाघ डरकाळी फोडतो, झडप घालतो. उन्हाळ्यानें त्रासून पाण्यांत बसलेला तो कोणी फारसा रंगवीत नाहीं. दंतवैद्यकाचें शिक्षण पुरें करूनहि चक्रवर्ती यांनीं त्या व्यवसायाकडे पाठ फिरविली, कांहीं काळ चलच्चित्रांच्या धंद्यांत काढला, आणि अखेर ‘ग्रीन ह्यूमर’ ही चित्रमालिका हेंच आपलें काम मानलें. लोकांचे दांत पाहण्याचा मार्ग त्यांनीं बदलला इतकेंच!

ही मालिका प्रथम छापखान्यांतून नव्हे, तर संगणकाच्या जालावरून वाचकांपर्यंत गेली. पूर्वींच्या हास्यचित्रकाराला संपादकाचा आश्रय लागे. शंकरराव किर्लोस्कर स्वतःच संपादक असल्यामुळें त्यांच्या व्यंगचित्रांस घरचेंच मासिक होतें, शि. द. फडणीस यांच्या कुंचल्यास अनंत अंतरकरांच्या ‘हंस’ व ‘मोहिनी’नें अंगण दिलें. ज्याला असा संपादक लाभला नाहीं, त्याचीं चित्रें पेटींतच राहिलीं. जालावरील चित्रकाराला हा दरवाजा ठोठवावा लागत नाहीं. मात्र दिवसाकाठीं शेंकडों गोष्टींवरून धांवणारी वाचकाची नजर त्याला क्षणांत अडवावी लागते. चक्रवर्ती यांना तें साधलें. २०१३ सालीं अमेरिकेंतील ‘गो कॉमिक्स’नें त्यांची मालिका घेतली, तेथें स्थान मिळविणारी ती पहिली भारतीय मालिका. मग ‘मिड-डे’, ‘हिंदू’ यांसारखीं वृत्तपत्रें आलीं, आणि २०२१ सालीं ‘ग्रीन ह्यूमर फॉर अ ग्रेइंग प्लॅनेट’ हा संग्रह निघाला. जालावरून कागदावर, असा हा उलटा प्रवास.

परंतु त्यांच्या विनोदाचें खरें नवेपण साधनांत नाहीं. बोलके प्राणी आपल्याला पंचतंत्रापासून ठाऊक आहेत. मात्र पंचतंत्रांतला कोल्हा हा कोल्ह्याचें कातडें पांघरलेला मुत्सद्दी आहे. किप्लिंगचें ‘जंगल बुक’ निघालें १८९४ सालीं; त्यांतील मोगलीचें सिवनीचें रान गोंदियापासून फार दूर नाहीं, जरी किप्लिंगनें तें स्वतः पाहिलें नव्हतें. त्याच ग्रंथांतील मुंगूस एका इंग्रज कुटुंबाचें नागांपासून रक्षण करतें व त्यांत धन्यता मानतें. आतां चक्रवर्ती यांच्या २०२१ च्या ‘नॅचरलिस्ट रडी’ या पुस्तकांतील तांबूस मुंगूस पाहा. तेंहि मोठें उद्योगी, पण कोणाच्या घरचें राखणदार नाहीं. रानांतल्या रानांत घडणारीं कोडीं तें गुप्तहेराच्या थाटांत उलगडतें. येथें प्राणी माणसाचें सोंग घेऊन उपदेश करीत नाहीं. तो आपल्या जातीच्या खऱ्या संवयी घेऊन येतो, आणि माणसाकडे पाहून खुशाल हंसतो. बेडूक, वटवाघूळ, शेणकिडा हे या चित्रसृष्टींत वाघाच्या पंगतीला बसतात. जीपगाडींतून केवळ वाघासाठीं मान उंचावणाऱ्या प्रवाशाला ही पंगत थोडी बोंचावी. तशी ती बोंचतेहि.

हंसण्यामागें चिंता आहे, हें सांगावयास नकोच. नागपूर-रायपूर महामार्ग नागझिरा व नवेगांव यांच्यामधून जातो. महाराष्ट्रांतील सारसांचा मुख्य आधार म्हणजे गोंदियाचीं भातशेतें व तळीं, आणि तेथेंहि त्यांच्या जोड्या बोटांवर मोजाव्या लागतात. ज्या नागझिऱ्यानें त्या तरुणाला वाघीण दाखविली, तेथें वाघिणींची संख्या इतकी रोडावली कीं मे २०२३ मध्यें ब्रह्मपुरीकडून दोन वाघिणी आणून सोडाव्या लागल्या. अशा बातम्या गंभीर स्वरांत वारंवार ऐकून माणूस बधिर होतो. हंसतांना तो बेसावध असतो, आणि तेवढ्यांत गोष्ट मनांत उतरते. विनोदानें वाघ वांचतो असा माझा दावा नाहीं. पण शेणकिड्याकडे वांकून पाहणारा मुलगा त्यानें तयार होतो, आणि माझ्या मतें हेंहि थोडें नव्हे.

एक उणीव मात्र मराठी वाचकाला जाणवल्यावांचून राहत नाहीं. हें मूळ लेखन इंग्रजींत आहे. नागझिऱ्याच्या कडेला झाडीबोली बोलली जाते. रात्र रात्र दंडार पाहणारी, खडीगंमतींत पोट धरून हंसणारी तेथील माणसें विनोदाला मुळींच पारखीं नाहींत. त्यांच्या शेजारच्या मुंगसाचा विनोद त्यांनीं त्यांच्याच बोलींत ऐकावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. तसें करूं पाहणाराला शब्दांची अडचण पडूं नये. २०२५ सालीं दिवंगत झालेल्या चितमपल्लींनीं पक्ष्यांचे, प्राण्यांचे व वृक्षांचे कोश मराठींत करून ठेवले आहेत, आणि त्यांतील कितीतरी नांवें याच रानांत, तेथल्याच माणसांच्या तोंडून ऐकलेलीं आहेत.