व्रणाचें झांकण

जखम ‘भरून येते’ असें आपण मराठींत म्हणतों. या साध्या बोलण्यांत शस्त्रवैद्यकाचें एक मर्म सांठवलेलें आहे. वरून शिवलेली जखम आंतून भरली नसेल तर काय होतें, याचें इतिहासांतील अत्यंत दुःखद उदाहरण नांदेडचेंच आहे. इ. स. १७०८ मध्यें गोदातीरीं गुरु गोविंदसिंगांवर मारेकऱ्यानें वार केला. शीख परंपरा सांगते कीं, बादशहा बहादूरशहानें धाडलेल्या युरोपियन शस्त्रवैद्यानें जखम शिवली व ती बरी होत आल्यासारखी दिसली. परंतु पुढें एक कठीण धनुष्य ओढतांना ती उलली, आणि ७ ऑक्टोबर रोजीं गुरूंचें निर्वाण झालें.

ती जखम निदान शिवतां तरी आली. आज नांदेड-लातूरकडे, किंबहुना सर्वत्रच, पाय गमावण्याची पाळी आणते ती जखम निराळी. मधुमेहानें पायाची संवेदना जाते. अनवाणी रानांत फिरतांना काटा रुतला तरी कळत नाहीं. रक्तपुरवठा मंदावलेला असतो, आणि व्रण महिनेच्या महिने चिघळत राहतो. सुश्रुतानें ज्यास ‘दुष्ट व्रण’ म्हटलें त्याच जातीचा हा. व्रणाचे साठ उपक्रम त्यानें सांगितले असून त्यांत ‘पत्रदान’, म्हणजे व्रणावर पान ठेवणें, हाही एक आहे. पट्टीच्या साहित्यांत त्यानें कापूस, लोंकर व रेशीम यांबरोबर चर्मही गणलें आहे. जुन्या ग्रंथांत सर्व कांहीं होतें असें म्हणण्याची आमच्याकडे जी खोड आहे ती आम्हांस मान्य नाहीं. पण झांकणाचा विचार त्यानें बारकाईनें केला होता, हें नाकारतां येत नाहीं.

तोच विचार अलीकडे मुंबईंत पुन्हां झाला. भाजलेल्या मुलांच्या जखमांवर डॉ. केसवानी यांनीं उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या वापरल्या व १९८५ सालीं त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढें शीव येथील रुग्णालयांत डॉ. माधुरी गोरे यांनीं केळीचें पान वापरलें. तें सालीहूनही स्वस्त ठरलें. शिवाय जखमेस न चिकटल्यामुळें पट्टी बदलतांना होणारा जीवघेणा त्रास टळला. मात्र साल काय अन् पान काय, दोन्ही झांकणेंच; त्यांच्या आडोशानें शरीर आपलें काम आपणच करितें.

माशाच्या कातड्याची गोष्ट याहून पुढची आहे. आइसलंडमधील केरेसिस कंपनी कॉड माशाच्या कातड्यांतील पेशी काढून टाकते व उरलेला तंतुमय सांगाडा सुकवून निर्जंतुक करिते. जखमेंत ठेवला असतां रुग्णाच्या स्वतःच्या पेशी त्यांत शिरतात, रक्तवाहिन्या फुटतात, आणि सांगाडा हळूहळू शरीरांत विरून जातो. म्हणजे जखम खरोखरच ‘भरून’ येते. अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें त्यास २०१३ सालीं संमति दिली. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय प्रयोगांत २५५ मधुमेही रुग्णांच्या खोल जखमा तपासल्या; सोळा आठवड्यांत या कातड्यानें ४४ टक्के भरल्या, नेहमींच्या उपचारानें २६ टक्के. हा विजय अर्धाच खरा. पण ज्याचा पाय वांचला त्यास तो पुरा आहे.

माळकरी घरांतला रुग्ण हें लावून घेईल काय? गाईच्या वा डुकराच्या ऊतीपासून केलेलीं आवरणें ज्यांना धर्मामुळें नकोत, त्यांतल्या पुष्कळांना मासा चालतो. माळकऱ्यास मात्र तोही वर्ज्य. तरी औषधाला सोंवळें-ओंवळें नसतें, हें आमच्या आज्याही जाणून होत्या. खरी अडचण किंमतीची. ब्राझीलमधील फोर्तालेझा येथील डॉक्टरांनीं तिच्यावर आपला मार्ग काढला: त्यांच्याकडे तिलापिया माशाचें कातडें बहुतेक फुकटच जात असे, तें निर्जंतुक करून त्यांनीं भाजलेल्या जखमांवर लावलें. हाच मासा, किंवा त्याचा सख्खा भाऊ, १९५२ सालीं भारतांत आणला गेला. आमच्या धरणांत तो ‘चिलापी’ नांवानें इतका माजला आहे कीं, बाजारांत त्याची कोणी प्रतिष्ठा ठेवीत नाहीं. बाजारचें कच्चें कातडें कोणी घरीं जखमेवर बांधूं नये. त्यांत जंतू असतात व पाय वांचण्याऐवजीं जाईल. पायावरचा भार काढणें आणि रक्तांतली साखर आटोक्यांत ठेवणें यांवांचून कॉडचेंही कांहीं चालत नाहीं. परंतु नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. मुंबईंत बटाट्याच्या सालीची जी परीक्षा झाली, ती येथें चिलापीच्या कातड्याची कां होऊं नये, हें तेथील विद्वानांनीं सांगावें.