एक्केचाळीस भोपळे आणि एक कोहळा

१९६५ सालच्या दिवाळीत आमच्या कोकणातल्या घरी फराळाला एकच जिन्नस होता, तो म्हणजे घारगे. त्या साली देशात बहुतेक ठिकाणी पावसाने दगा दिला होता, सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई होऊन गेली होती, आणि आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडा असे शास्त्रीजींनी लोकांना सांगितले होते. साखर रेशनवर होती. वडील मुंबईस गिरणीत होते. त्यांची मनीऑर्डर दरसाल दिवाळीच्या आधी यायची, ती त्या वर्षी आली नव्हती. घरात विपुल अशी एकच गोष्ट होती. गोठ्याच्या कौलांवर चढवलेल्या तीन वेलांना एक्केचाळीस तांबडे भोपळे धरले होते. मी स्वतः मोजले होते, म्हणून आकडा पक्का आहे.

भोपळे फार झाले म्हणजे काय होते, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिले चार शेजारी आनंदाने नेतात. पुढचे चार संकोचाने. नवव्या भोपळ्याला शेजारीण दारातूनच म्हणते, "काकू, आमचाही वेल धरलाय हो!" तिथून पुढे तो घरचा प्रश्न होतो.

आजीने तो निगुतीने सोडवला. सकाळी भाजी, रात्री भरीत. भरीत म्हणजे वाफवलेला भोपळा दह्यात कालवायचा आणि वर हिंग-मिरचीची फोडणी द्यायची. सालींची चटणी व्हायची. बिया राख लावून वाळत पडायच्या. चार बेण्याला, बाकीच्या आम्हां मुलांना सोलून खायला. पण खरी कारागिरी घारग्यांत होती. किसलेला भोपळा गुळात शिजवायचा, पाण्याचा थेंबही न घालता, त्याच्याच अंगच्या पाण्यात. मग त्यात मावेल तेवढे तांदळाचे पीठ, चिमूटभर मीठ, असला तर वेलदोडा. आणि केळीच्या पानावर थापून तळायचे. 'मावेल तेवढे' हे माप मोठे सोयीचे. त्या वर्षी तांदूळ थोडा होता, तेव्हा पीठ कमीच मावले. घारगे जरा चिवट झाले, पण आम्ही कोणी बोललो नाही.

पुढे इतिहासाची गोडी लागल्यावर ह्या भोपळ्याचे कुळ मी शोधू लागलो, आणि चकित झालो. ज्याच्यावाचून कोकणातले कौलार सुने दिसते, तो तांबडा भोपळा मूळचा अमेरिकेचा! कोलंबस १४९२ साली तिकडे पोचण्यापूर्वी आपल्याकडे तो कोणी पाहिलेला नव्हता. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतात एका गुहेत भोपळ्याच्या जातीच्या ज्या लागवडीच्या बिया सापडल्या, त्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. इंग्रज आपल्या परसात ज्याला मॅरो म्हणतात, तो त्याच जातीचा. दुसऱ्या महायुद्धात विलायतेत साखर रेशनवर असतानाही तिथल्या बायका जास्तीचे मॅरो आले घालून मुरंब्यात मुरवीत होत्या. आमच्या आजीची आणि त्यांची ओळख असती, तर गप्पांना विषय कमी पडला नसता.

आपल्याकडे हा पाहुणा सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून आला असे मानतात. १५१० साली गोवे त्यांच्या हाती गेले, त्यानंतरची ही गोष्ट. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने 'मानसोल्लास' रचला, त्यात पाकशास्त्राचे मोठे प्रकरण आहे. पण त्या राजाच्या मुदपाकखान्यात ना मिरची होती, ना बटाटा, ना तांबडा भोपळा. त्या काळी ह्या गोतातले जुने रहिवासी होते ते दुध्या आणि कोहळा. कोहळ्याचे संस्कृत नाव कूष्मांड. कोहळेपाक म्हणजे आयुर्वेदाचा कूष्मांडावलेह.

आता गंमत पाहा. गोव्यात तांबड्या भोपळ्याला 'दुदी' म्हणतात, आणि बिचाऱ्या खऱ्या दुध्याला ओळखीसाठी 'कोंकण दुदी' व्हावे लागले! तिकडे विदर्भात ज्या 'कोहळ्या'ची बाकरभाजी करतात, तोही आपला तांबडा भोपळाच. देशावर कुठे कुठे त्याला डांगर म्हणतात. (आमच्याकडे डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचा ताकातला प्रकार, ह्या एका शब्दावरून सासरी-माहेरी किती घोटाळे झाले असतील, देव जाणे.) म्हातारीला पोटात घेऊन लेकीच्या घरून टुणकन निघणारा गोष्टीतला भोपळासुद्धा चित्रात नेहमी तांबडाच असतो.

पाहुणा असा जुन्यांची नावे घेऊन घरात कसा शिरला? माझा तर्क असा की, तो सुगीच्या वाटेने शिरला. जास्तीचा कोहळा, दुध्या, तवसे ह्यांचे काय करायचे, हे आपल्या बायकांच्या हातांना आधीच ठाऊक होते: किसावे, गुळात आटवावे, दह्यात कालवावे, उडदाच्या पिठात सांडगे घालून वाळवावे. तांबड्या भोपळ्याला नवी पाकक्रिया लागली नाही. तयार पातेल्यात तो जाऊन बसला. शिवाय तो आला की एकटा येत नाही, डझनाने येतो. आणि गरिबाच्या घरी डझनाने येणाऱ्याचे कुळ कोण विचारतो? कोबी-फ्लॉवर उपासाच्या ताटाबाहेर राहिले, पण हा आत गेला. श्राद्धाच्या पानावरही त्याची भाजी बसली. तसे म्हटले तर बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबूदाण्याचा कंद, सगळे अमेरिकेचेच. आपले उपासाचे ताट हा एक परदेशप्रवासच आहे.

एका ठिकाणी मात्र त्याला मज्जाव होता, आणि तो मी त्याच वर्षी पाहिला. कार्तिक शुद्ध नवमी ही कूष्मांडनवमी. तिलाच आवळीनवमीही म्हणतात. त्या दिवशी कोहळ्याचे दान करतात. त्या साली आमचा कोहळ्याचा वेल कुजला, एकच फळ हाती लागले होते. ते ठेवले असते तर चैत्रात सांडगे झाले असते. मी म्हटले, "अगं आजी, कोहळा ठेव. भोपळे ढीगभर आहेत, त्यातला एक दे."

"दानाला भोपळा चालत नाही."

"का?"

"नाही चालत. कोहळाच लागतो."

आजीला मेक्सिको ठाऊक नव्हते. पण पोटाने ज्याला केव्हाच आपला म्हटले, त्याला धर्माची एक जुनी पायरी अजून ओळखत नव्हती, हे तिला बरोबर माहीत होते. वास्तुशांतीलाही कोहळाच लागतो. आमच्या घरी अख्ख्या कोहळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची, वडील नसले तर शेजारच्या तात्यांना हाक जायची. भोपळा मात्र आजी स्वतःच कोयत्याच्या एका घावात उभा चिरी. त्याला तात्या लागत नसत.

नवमीला तिने तो एकुलता एक कोहळा हळदकुंकू लावून, वर दक्षिणेचा आणा ठेवून देऊन टाकला. मला ते तेव्हा पटले नाही. खरे सांगायचे तर आजही पुरते पटत नाही. सांगडे गेले ते गेलेच.

मनीऑर्डर तुळशीच्या लग्नानंतर आली. सोबतच्या चार ओळींत वडिलांनी विचारले होते, मुलांना दिवाळीत काय केलेत? आजीने मला पोस्टकार्ड घेऊन बसवले आणि सांगितले, "लिही: घारगे केले. सगळ्यांनी पोटभर खाल्ले. भोपळे अजून अकरा शिल्लक आहेत."