जावरचा डोंगर आणि जस्ताची वाफ

आपल्या घरातील पितळेचा तांब्या आपण रोज हाताळतो. परंतु तांब्यात मिसळून त्याचे पितळ करणारे जस्त कोठून आले, हे सहसा कोणी विचारीत नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास राजस्थानात, उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर असलेल्या जावर या गावी जावे लागते.

जावर अरवली पर्वतात आहे. तेथील मोचिया, बलारिया, जावरमाला या डोंगरांचा खडक मुख्यतः डोलोमाइटाचा, म्हणजे चुना व मॅग्नेशियम यांच्या कार्बोनेटाचा आहे. दीड अब्ज वर्षांहूनही पूर्वी समुद्रतळाशी साचलेला हा गाळ पुढे दाबला गेला, त्याला घड्या पडल्या आणि त्याचे कठीण कडे बनले. या खडकात जस्त व गंधक यांचे स्फॅलेराइट, शिसे व गंधक यांचे गॅलेना आणि लोहाचे पायराइट अशी खनिजे एकत्र सापडतात. गॅलेनात थोडी चांदीही असते.

राणा लाखाच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीस, या खाणी सापडल्या अशी मेवाडची परंपरा आहे. परंतु जुन्या विवरांतील लाकडांचे किरणोत्सर्गी कार्बनावरून वय काढले, तेव्हा ती दोन हजार वर्षांहून जुनी ठरली. खडकाला आगीने तापवून तो फोडीत. त्या काजळीच्या खुणाही आत आहेत.

शिसे काढणे सोपे. जस्ताची गोष्ट निराळी. भाजलेल्या खनिजातून कोळशाच्या साहाय्याने जस्त सुटे करण्यास सुमारे हजार अंश उष्णता लागते. पण जस्त ९०७ अंशांवरच उकळते. म्हणजे धातू जन्मतो तोच वाफ होऊन, आणि ती वाफ हवेत गेली की तिची पांढरी राख होते. म्हणून जुन्या काळी पितळ करताना तांबे व जस्ताचे खनिज एकाच बंद भांड्यात तापवीत. शुद्ध जस्त हाती येत नसे.

जावरच्या कारागिरांनी ही वाफ पकडली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत खनिजाच्या गोळ्या भरीत, तोंडाशी मातीची नळी बसवीत आणि मूस भट्टीत उलटी ठेवीत. तोंडातील काडी माल खाली पडू देत नसे. ती जळाली की वाफेला वाट होई. एका भट्टीत अशा छत्तीस मुशा असत. वर आग, मध्ये सच्छिद्र मातीची जाळी व खाली थंड कोठी. वाफ खाली उतरून तेथे थिजे. मध्ययुगात, निदान चौदाव्या शतकापासून, हे काम कारखान्याच्या प्रमाणावर चाले. रसरत्नसमुच्चय या संस्कृत ग्रंथात अशाच वृंताक मुशीचे वर्णन आहे. वृंताक म्हणजे वांगे. १९८३ साली उत्खननात भट्ट्या उघड्या पडल्या, तेव्हा ग्रंथ व जमीन यांची साक्ष जुळली. वापरलेल्या मुशांचे ढीग एवढे प्रचंड की गावातील भिंतीही त्यांच्याच रचल्या गेल्या.

इंग्लंडात विल्यम चँपियन याने १७३८ साली वाफ खालच्या बाजूस उतरविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. ती विद्या आपल्याकडूनच चोरली, असे व्यासपीठावरून सांगितले की टाळ्या पडतात. परंतु साम्य म्हणजे पुरावा नव्हे. जावरचा मोठेपणा सिद्ध करावयास कोणाला चोर ठरविण्याची गरज नाही. ते ढीगच पुरेसे आहेत.

अभिमानाबरोबर आणखी एक गोष्ट आपण मराठी माणसांनी ऐकली पाहिजे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिंदे-होळकरांच्या फौजांनी मेवाडकडून वारंवार खंडणी वसूल केली. त्या विपन्न मुलखावर १८१२-१३ चा दुष्काळ कोसळला आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जावरच्या भट्ट्या विझल्या. खाण बंद पडली तरी खनिज डोंगरात राहते. हातांतील विद्या मात्र हात पांगले की जाते. विसाव्या शतकात खाणी पुन्हा सुरू झाल्या, १९६६ साली हिंदुस्तान झिंक ही सरकारी कंपनी निघाली आणि २००२ मध्ये तिचे नियंत्रण खाजगी हाती गेले. पण नवे तंत्र बाहेरून आले, त्या जुन्या भट्टीतून वाढले नाही.

मुशी घडविणाऱ्यांपैकी एकाचेही नाव ग्रंथात नाही. राजांच्या वंशावळी आपण जपल्या. कारागिरांच्या जपल्या नाहीत. विद्या टिकवावयाची असेल, तर ती ज्यांच्या हातांत आहे त्यांना आधी टिकविले पाहिजे, हाच जावरचा धडा आहे असे आम्हांस वाटते.