आजोबांच्या फोटोतला उजेड

श्रोतेहो, घरात आजोबांचा जुना फोटो असेल तर जरा उतरवून पाहा. चेहरा उजळ आणि भोवताल काळसर दिसतो ना? तो उजेड सगळाच सूर्याचा नव्हे, बरं का!

१८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात म्युनिकच्या हान्फ्श्टेंगल यांनी एकाच माणसाचे दोन फोटो मांडले, असे इतिहासकार सांगतात: एक जसाच्या तसा, दुसरा हात फिरवलेला. निगेटिव्हवर सगळे उलटे. सुरकुतीची काळी रेघ तिथे पारदर्शक असते. तीत टोकदार पेन्सिल हलकेच फिरवली, की छापात सुरकुती मावळते. पुढे एन्लार्जर आला. छापताना चेहऱ्यावर तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती क्षणभर धरली, की तेवढा भाग उजळ राही. कडांना जास्त उजेड दिला, की त्या काळवंडत आणि माणूस पुढे येई. चकती मात्र सारखी हलती हवी. स्थिर राहिली तर तिची कड उमटे आणि चोरी उघडी पडे!

हात हलका तोवर माणूस ओळखू येतो. जड झाला की साठीचा म्हातारा तिशीचा होतो. तेव्हा गुरुजी, जुना फोटो वर्गात पुरावा म्हणून दाखवाल, तर पागोट्यावर भरवसा ठेवा, गालांवर जपूनच. मुलांना आधी डोक्याभोवतीची कड न्याहाळू द्या.